इरकलीचा डाळिंबी रंग दर रविवारी वेगळाच होतोय. ऑइलचे रंग आधी कालवून कसे ठेवता?

पिंपळपार

मंडळी, आजीचं पोर्ट्रेट करायला घेतलंय. १८ × २४ इंचाचा कॅनव्हास, ऑइल कलर. आजी ८६ वर्षांची आहे. रविवारी सकाळी चहा-नाश्ता झाला की खिडकीपाशी खुर्चीत बसते, पण ४० मिनिटांच्या वर बसली की तिची कंबर धरते. म्हणजे आठवड्याला माझ्या हातात तेवढीच ४० मिनिटं.

तिने नेसलीय तिची जुनी डाळिंबी इरकल. लाल पदर, पदरावर पांढरे पट्टे. पहिल्या रविवारी साडीचा रंग इतका जमून आला की मीच बघत राहिलो. डावा खांदा आणि मांडीवरच्या दोन घड्या झाल्या आणि पॅलेटवरचा रंग संपला. दुसऱ्या रविवारी तोच रंग परत कालवायला गेलो तर जमेचना. आधी विटकरी झाला, मग वांगी, आणि उजेडाच्या बाजूसाठी पांढरा घातला तर सरळ गुलाबी. आजीने जन्मात कधी गुलाबी नेसलेलं नाही. २५ मिनिटं त्यातच गेली. शेवटी तीच म्हणाली, "मगापास्नं त्या फळीकडंच बघतोयस. माझ्याकडं कवा बघणार?"

ते वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून पुढच्या वेळी शनिवारी रात्रीच रंग कालवून ठेवले, फोनवरचा फोटो समोर ठेवून, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली. सकाळी बघतो तर सगळे जांभळट.

माझ्याकडे टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन (गडद लाल), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (निळा), व्हिरिडियन (हिरवा) आणि आयव्हरी ब्लॅक आहेत. जे लोक चित्राआधी रंग कालवून ठेवतात ते नेमकं काय करतात? किती रंग करायचा? आणि तो पुढच्या रविवारपर्यंत ओला कसा ठेवायचा?

जुनी फळी

पिंपळपार, आजी बरोबर बोलल्या. समोर बसलेल्या माणसाचा वेळ हा त्याला बघण्यासाठीच असतो. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना रंग आधी कालवायला सांगायचो ते याच कारणासाठी.

तू रंगाचं नाव शोधत बसलास, डाळिंबी म्हणजे कोणता लाल आणि किती. त्याआधी बघायचं ते साडी उजेडात किती उजळ आहे आणि सावलीत किती गडद. अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ साली रंगाचं हे गणित पुस्तकात मांडलं. रंगाची जात (लाल, पिवळा, हिरवा), त्याचा उजळपणा आणि त्याचं तेज, या तीन गोष्टी त्याने सुट्या करून दाखवल्या. उजळपणाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशी मापं दिली. तुझी इरकल माझ्या अंदाजाने उजेडात ४ च्या आसपास असेल आणि सावलीत २. म्हणजे साडीचा सगळा संसार पट्टीच्या खालच्या अर्ध्यातच आहे. तू पांढरा घालून तिला ६-७ वर नेलीस, म्हणून गुलाबी झाली.

आता कृती. डोळे किलकिले करून साडीकडे बघ. घड्या, काठ, विणकाम विसर. एक उजेडाचा रंग आणि एक सावलीचा रंग दिसेल. आधी हे दोनच गोळे कर. ब्रशने नाही, पॅलेट नाइफने. ब्रशच्या केसांत मागचा रंग राहतो आणि पुढचा मळतो, शिवाय ब्रशने कालवलेल्या रंगात आतमध्ये रेघा राहतात. सुरीने दाबून पसरायचा, गोळा करायचा, परत पसरायचा, सगळीकडे एकजीव होईपर्यंत. मग या दोघांच्या मधला तिसरा. सगळ्यात गडद घडीसाठी चौथा, आणि खिडकीकडच्या गुडघ्यावर जिथं सर्वांत जास्त उजेड पडतो तिथला पाचवा. पाच गोळे एका ओळीत, गडद डावीकडे. सगळ्या पोर्ट्रेटला अशा तीन ओळी पुरतात: साडीची, चेहऱ्या-हातांची आणि मागच्या भिंतीची. पदरावरचे पट्टे साडीच्या ओळीतूनच निघतील, त्यांच्यासाठी ट्यूबमधला पांढरा तसाच लावू नकोस. सावलीतला पट्टा राखाडी असतो आणि त्यात शेजारच्या लालाची झाक असते.

प्रत्येक गोळा झाला की सुरीच्या टोकावर थोडा रंग घे, उजेडात हात लांब कर, एक डोळा मीट आणि ते टोक साडीच्या त्या जागेवर येईल असं धर. रंग बरोबर असेल तर सुरीची कड हरवते. चूक असेल तर लगेच कळतं, आणि कोणत्या बाजूला चूक आहे तेही कळतं. हे काम आजी बसायच्या आधी कर. साडी खुर्चीवर टाकायची, त्याच खिडकीशी, त्याच वेळी. शनिवारी सकाळी ८ वाजता केलंस तरी चालेल. रात्री नको.

किती करायचा? अंदाजापेक्षा दुप्पट. साडीचा मधला रंग लिंबाएवढा, बाकीचे बोराएवढे. उरलेला रंग मागच्या भिंतीत सावलीला जिरवता येतो. अर्ध्यात संपलेल्या रंगाचं काही करता येत नाही, हे तू बघितलंसच.

खारवारा

सरांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. मी रत्नागिरीच्या बाजूला बाहेर बसून लँडस्केप करतो. संध्याकाळी खाडीवरचा उजेड वीस मिनिटांत तीनदा बदलतो. घरून पंधरा गोळे करून नेले होते एकदा. समोर जे होतं ते माझ्या गोळ्यांत नव्हतं, आणि तरी मी ते गोळेच वापरत राहिलो, कारण कष्ट करून केले होते. चित्र भिंतीला रंग दिल्यासारखं सपाट आलं. माझ्या मते रंग कॅनव्हासवरच एकमेकांत जायला हवा. आधी सगळं ठरवून ठेवलं की हात फक्त भरत सुटतो.

जुनी फळी

खारवारा, तुमचा अनुभव खरा आहे. पण त्या दिवशी तुमचे गोळे दुसऱ्या उजेडाचे होते, आणि त्याने हिशोबच चुकला. यांची आजी मात्र दर रविवारी त्याच खिडकीशी बसते. आणि गोळा हा शेवटचा रंग नव्हेच. मधला गोळा ब्रशवर घेतला की घडीगणिक त्याला जरा इकडे, जरा तिकडे वळवायचंच असतं. फरक एवढाच की तेव्हा रंग शून्यातून शोधावा लागत नाही.

रानजाई

मी सध्या स्टॉकहोमला असते, म्हणून इथलं उदाहरण देते. अँडर्स झॉर्न (१८६० ते १९२०) हा इथला मोठा पोर्ट्रेट करणारा. त्याचं १८९६ चं एक सेल्फ पोर्ट्रेट इथल्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. हातात पॅलेट, मागे अंधारात मॉडेल. त्या पॅलेटवर मोजून चार रंग दिसतात: पांढरा, यलो ऑकर, लाल आणि काळा. अंगावरचे कपडे, चेहरा, मागचा अंधार, सगळं त्यातूनच. त्याने कायम चारच रंग वापरले असं नाही, त्याच्या काही चित्रांत सरळ निळा-हिरवाही आहे. पण पोर्ट्रेटसाठी रंग आधीच कमी केले की काय होतं ते त्या चित्रासमोर उभं राहिल्यावर कळतं. काळ्यात पांढरा घातला की तो लालाशेजारी निळा वाटायला लागतो.

आजींच्या चेहऱ्याच्या ओळीसाठी सुचवते. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीला मी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरपासून सुरुवात करते, पांढऱ्यापासून नाही. पांढऱ्यापासून निघालं की माणूस पीठ लावल्यासारखा दिसतो. सावलीला काळा न घालता बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन घाल. दोघं मिळून जवळजवळ काळ्यापर्यंत जातात, पण त्या गडदपणात ऊब राहते. कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा, बोटांची पेरं इथं कॅडमियम रेडचा अगदी थोडा अंश. म्हाताऱ्या माणसांच्या हातांवर कातडी पातळ होते आणि शिरांवर निळसर-हिरवट झाक येते. तिच्यासाठी चेहऱ्याच्या मधल्या गोळ्यातला चिमूटभर बाजूला काढून त्यात व्हिरिडियन घाल, मोहरीएवढंच.

आणि अलिझरिनबद्दल एक काळजीचं. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक बघ. पीआर ८३ असेल तर ते जुनं अलिझरिन, उजेडात उडतं, आणि पांढऱ्यात मिसळून पातळ केलं तर जास्तच लवकर. पीव्ही १९ किंवा पीआर १७७ असलेला गडद लाल घे. घरात पिढ्यान् पिढ्या राहणारं चित्र आहे हे.

पिंपळपार

सर, रानजाई, खारवारा, खूप आभार. ट्यूब बघितली, पीआर ८३ च निघाली. पीव्ही १९ वाली मागवली.

शनिवारी सकाळी सरांनी सांगितलं तसं साडी खुर्चीवर टाकून बसलो. सुरीचं टोक समोर धरून बघायची गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा केली. मला वाटत होतं सावलीतली साडी काळपट लाल आहे. टोक धरल्यावर दिसलं की ती माझ्या रंगापेक्षा कितीतरी जास्त तपकिरी आहे आणि खालच्या शहाबादी फरशीचा हिरवट राखाडी तिच्यात चढलाय. इतकी वर्षं ती साडी बघतोय.

अडलंय ते उजेडाच्या गोळ्यापाशी. पांढरा घालायचा नाही, तर उजळ कशाने करायचा?

रानजाई

लालाला उजळ करताना पिवळ्याच्या बाजूने चढ. गडद लालात कॅडमियम रेड, मग कॅडमियम रेडमध्ये यलो ऑकर. पांढरा अगदी शेवटच्या गोळ्यात, तोही आधी ऑकरमध्ये मिसळून. उतरताना उलटं: गडद लालात व्हिरिडियन. दोघं एकमेकांचं तेज मारतात आणि काळा न घालता खोल, जिवंत गडद मिळतो. तुझ्या फरशीची हिरवट झाकही त्यातच येईल. फक्त रेशमी पदरावर जिथं खिडकीचं आकाश चमकतं, तिथं पांढऱ्यात किंचित गडद लाल घालून केलेला थंड रंग चालेल, एका-दोन फटकाऱ्यांपुरता. तिथं गुलाबी दिसला तरी डोळा त्याला चमक म्हणून वाचतो.

तुला जमत असेल तर एखाद्या सुट्टीला सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर दोघांचंही काम आहे. समोर उभी राहून मी एकदा फक्त कापडांचे उजेड बघत तासभर घालवला होता.

तिसरा थर

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत रंगवतो. साठवणीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो.

ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना धरून घट्ट जाळं बनवतात. म्हणून हवा आणि ऊब कमी केली की वाळणं लांबतं. आठवडाभरासाठी सगळ्यात सोपा उपाय: रंग काचेच्या तुकड्यावर ठेवायचे, तो तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रीझरमध्ये. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, घरात दुसऱ्या कुणी खायचं समजू नये. वापरायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, आणि झाकण लगेच उघडू नका, नाहीतर गार काचेवर दव धरतं.

दुसरा उपाय लवंगेच्या तेलाचा. औषधाच्या दुकानात छोटी बाटली मिळते. त्यातलं युजेनॉल ऑक्सिजनशी होणारी ही क्रिया रोखून धरतं. रंगात थेट घालायचं तर लिंबाएवढ्या गोळ्याला एखादा थेंब, जास्त नाही, नाहीतर थर कमकुवत होतो. माझी पद्धत अशी की कापसाच्या बोळ्यावर चार थेंब टाकून तो डब्याच्या कोपऱ्यात ठेवतो. वासानेच काम होतं, रंगात काही जात नाही.

सगळे रंग सारखे वाळत नाहीत हेही धरून चला. अंबर नावाच्या तपकिरी रंगात मँगनीज असतं, तो एका-दोन दिवसांत साय धरतो. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम, अलिझरिन सावकाश वाळतात.

महिनाभर लागणारा रंग असेल तर रिकाम्या अॅल्युमिनियमच्या ट्यूब मिळतात, मागून उघड्या. सुरीने मागून भरायचं, ट्यूब टेबलावर उभी आपटून हवा काढायची, शेपटी दोन-तीनदा दुमडून पक्कडीने दाबायची. तुमचा साडीचा मधला रंग तर जरूर असाच भरा. अशी दुमडून बंद होणारी धातूची ट्यूब १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने काढली. त्याआधी लोक डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत रंग बांधून ठेवत.

आता तुमच्या दुसऱ्या रविवारच्या घोळाबद्दल. तुमचा नवा रंग कदाचित बरोबरच होता! वाळलेल्या भागातलं तेल खालच्या थरात शोषलं जातं आणि गडद रंग मंद, पांढुरका दिसायला लागतो. त्याच्याशेजारी ताजा ओला रंग लावला की तो जास्त गडद आणि वेगळाच वाटतो. जुळवायच्या आधी त्या वाळलेल्या भागावर बोटाने जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि सुती फडक्याने टिपून घ्या. पहिल्या दिवशीचा रंग परत वर येतो. मग जुळवा.

तेलावरून: घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल वापरू नका. ते न शुद्ध केलेलं असतं आणि जास्त पिवळं पडतं. खोबरेल तर रंगाच्या जवळपासही नको, ते वाळतच नाही.

आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगाळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. आजी खोलीत असताना टर्पेंटाइनही उघडं ठेवू नका. तेवढा वेळ ब्रश तेलात पुसून भागतं.

सांजदिवा

उजेडाबद्दल एक भर. खिडकी उत्तरेची असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सांभाळा. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तेव्हा भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर त्याच्या बरंच आधीपासून उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरतं. युरोपातल्या पुस्तकांत उत्तरेचा उजेड वर्षभर थंड असतो असं वाचून मी फसले होते. पातळ पांढरा पडदा लावला की भागतं. आणि रात्री कालवायचंच असेल तर पिवळा दिवा नको. ५,००० केल्विनच्या वरचा (म्हणजे दिवसासारखा पांढरा), सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० पेक्षा जास्त असलेला एलईडी घ्या. पिवळ्या उजेडात प्रत्येक लाल उबदार दिसतो. फोनच्या पडद्याचा रंग निळसर, त्याला जुळवायला तुम्ही नकळत रंग थंड करत गेलात, म्हणून सकाळी जांभळट निघाला.

खारवारा

हा धागा वाचून दोन रविवार मीही करून बघितलं. पंधरा नाही, तीनच गोळे नेले. पावसातले हिरवे. आमच्याकडे जुलैत भाताच्या तरव्याचा जो पोपटी असतो तो ट्यूबमधल्या हिरव्याने कधी जमला नव्हता, खेळण्यासारखा दिसायचा. घरी लेमन यलोत अल्ट्रामरीन घालत गेलो आणि प्रत्येक गोळ्यात थोडा बर्न्ट सिएना घालून त्याचं तेज उतरवलं: एक तरव्याचा, एक आंब्याच्या पानाचा, एक लांबच्या डोंगराचा. आकाश आणि पाणी जागेवरच कालवलं, त्याबाबत माझं मत बदललेलं नाही. पण हिरव्याशी झटापट करण्यात जो अर्धा तास जायचा तो वाचला, आणि पाऊस यायच्या आत तरव्यावरून येणारी वाट काढून झाली. त्या वाटेसाठीच तर तिथं बसलो होतो.

जुनी फळी

खारवारा, फोटो टाका.

पिंपळपार

पाचवा रविवार झाला, म्हणून लिहितोय.

तिन्ही ओळी शनिवारी सकाळी केल्या. साडीच्या पाचही गोळ्यांचा एकेक ठिपका जुन्या कॅनव्हासच्या पट्टीवर लावला आणि खाली लिहून ठेवलं कशात काय किती: गडद लाल तीन भाग, कॅडमियम एक, ऑकर अर्धा, असं. मधला रंग ट्यूबमध्ये भरला. तिसरा थर यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या रविवारच्या खांद्यावर तेलाचा हात फिरवला आणि अक्षरशः डोळ्यांसमोर तो रंग परत आला. नवा डाळिंबी त्याच्याशेजारी लावला. सांधा शोधूनही सापडत नाही.

पण सांगायचं ते दुसरंच. आजी बसली ८ वाजून १० मिनिटांनी. ८ वाजून १२ मिनिटांना मी चेहऱ्यावर होतो. पॅलेटकडे मान वळवावी लागली ती फक्त ब्रश भरायला. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ती बसल्या बसल्या उजव्या हाताचा अंगठा पदराच्या काठावरून सारखा फिरवत असते. मागच्या चार बैठकांत मी तो हात खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला काढला होता, कारण पहिल्या दिवशी तो तिथं होता. हात पुसून काढला आणि पदरावर घेतला. ४० मिनिटांत अंगठा आणि दोन बोटं झाली.

रानजाई, पेरांवरच्या लालाचं आणि शिरांवरच्या व्हिरिडियनचं खूप खूप बरोबर होतं.

आता एकच विचारतो. काठावर अंगठा दाबला जातो तिथं लाल पदराचा रंग बोटाच्या खालच्या बाजूला चढतो. तो गोळा साडीच्या ओळीतून घेऊ की हाताच्या?

जुनी फळी

हाताच्या सावलीचा गोळा घे आणि सुरीच्या टोकाने त्यात पदराचा मधला लाल थोडा थोडा घालत जा. शनिवारी स्वतःचाच अंगठा त्या काठावर दाबून खिडकीत धर आणि टोक लावून बघ.